लागेल तिथं बोट ठेवा

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी नाशिकच्या उपनगर थांब्यावरून सुटलेली सिटी बस द्वारकेच्या चौकात वळली आणि कंडक्टरच्या डाव्या हातातली एक नोट खाली पडली. झालं ते एवढंच. सगळे कंडक्टर धरतात तशाच त्यानं नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यांत धरल्या होत्या, आणि पडली ती करंगळीशेजारच्या बेचक्यातली. त्यानं वाकून ती उचलली, तिथंच खोचली, आणि दोन बाक पुढे जातो न जातो तोच ती पुन्हा पडली. ‘काय वारा सुटलाय,’ असं काहीसं तो पुटपुटला. वारा नव्हताच. प्रतिभा पगारे तिसऱ्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिकिटासाठी तिनं पैसे पुढे केले, आणि त्याचा हात तिच्या तोंडासमोर आला. करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून, रुसल्यासारखी एकटी उभी होती. तिची नजर आपोआप हातावरून वर सरकली. खाकी बाहीच्या खाली, कोपराच्या जवळ, तळहाताएवढा फिकट डाग होता. उकाड्यानं त्याचा सगळा हात घामेजला होता, लव कातडीला चिकटून बसली होती. तेवढा तुकडा मात्र कोरडा होता, आणि त्यावर लव नव्हती. ‘कुठं, ताई?’ त्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती भानावर आली. ‘शालिमार,’ ती म्हणाली. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि तो मागच्या बाकांकडे गेला.

प्रतिभा शहरातल्या कुष्ठरोग केंद्रात तंत्रज्ञ होती. एकोणीस वर्षं ती माणसांची कातडी पाहत आली होती. वस्त्यांतून, शाळांतून, वीटभट्ट्यांवर, द्राक्षाच्या मळ्यांत, जिथं पाठवतील तिथं जाऊन पाठी, दंड, मांड्या, पोटऱ्या. कोड कोणतं, शिबं कोणती, नायटा कोणता, भाजल्याचा वण कोणता आणि आईच्या पोटातून आणलेलं लासं कोणतं, हे तिला लांबूनच कळे. लग्नाच्या पंगतीत बसली तरी तिला वाढणाऱ्यांचे चेहरे दिसत नसत, मनगटं दिसत. पुष्कळदा तिला स्वतःच्याच नजरेचा वीट येई. शंभर डाग पाहावेत तेव्हा एखादा खरा निघे. पण त्या एकासाठी नजर शंभरांवर फिरतच राही, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र असलं की ती अनोळखी पुरुषाला ‘शर्ट काढा, भाऊ’ असं सहज सांगे. बसमध्ये ती तिकीट काढून बसलेली एक बाई होती. शालिमारला उतरल्यावर ती फुटपाथवर तशीच उभी राहिली. बस पुढे निघून गेली, आणि मागच्या दाराशी दांडीला धरून उभ्या असलेल्या त्या माणसाची करंगळी तेवढ्या गर्दीतूनही तिला दिसत राहिली. दांडीला चारच बोटं होती. पाचवं बाजूला.

दिवसभर कामात तिचं लक्ष लागलं नाही. कोपराच्या आतल्या बाजूनं एक शीर जाते. कोपर कुठं आपटलं की झिणझिण्या येतात ती. रोग त्या शिरेत शिरला की आधी करंगळी दुबळी होते, मग तिच्या शेजारचं बोट, मग दोन्ही आकड्यासारखी वळतात. सुरुवातीच्या चार-सहा महिन्यांत गाठलं तर हात परत आणता येतो. त्यानंतर माणूस बरा होतो, हात होत नाही. म्हणजे त्या माणसाच्या हाताचे महिने आताच मोजून संपत चालले होते, आणि ते बसमध्ये एकट्या तिला ठाऊक होतं. सांगायचं. त्यात काय अवघड आहे, असं कुणालाही वाटेल. पण प्रतिभानं एकदा सांगितलं होतं. एकोणनव्वद साली, नदीकाठच्या एका वस्तीत, भागुबाई नावाच्या तरुण बाईच्या पाठीवर तिनं डाग ओळखला होता आणि तिथंच उंबऱ्यावर बसून कार्ड भरलं होतं. ‘रोगाचं नाव’ या रकान्यात लिहिताना तिनं तो शब्द मोठ्यानं उच्चारला. सवयीनं. मागं भागुबाईची जाऊ पाणी भरत उभी होती. पुढच्या आठवड्यात गोळ्या घेऊन गेली तर खोलीला कुलूप. माहेरी घालवली, असं शेजारणीनं सांगितलं. कुठलं माहेर, ते कुणी सांगेना. प्रतिभा चार गावं फिरली. भागुबाई तिला पुन्हा भेटली नाही. ओळखण्यात चूक झाली नव्हती, सांगण्यात झाली होती, आणि त्या दिवसापासून तिला कळून चुकलं होतं की या धंद्यात दुसरी चूक पहिलीपेक्षा भारी.

संध्याकाळी भाजी निवडताना तिनं नवऱ्याला सांगितलं. महेश एका शाळेत क्लार्क होता, कागदात नसलेल्या गोष्टी त्याला पटत नसत.

‘तो केंद्रात आलाय का?’ त्यानं विचारलं.

‘नाही.’

‘मग तो तुझा पेशंट नाही. उद्या तो म्हणाला, बाई माझ्या अंगाकडे बघते, तर?’

‘म्हणू दे.’

‘आणि लासं असलं तर? तुझ्यासारखं?’

तिचा हात नकळत मानेकडे गेला. डाव्या कानाखालून मानेवर उतरलेला पांढुरका डाग तिच्याबरोबरच जन्माला आला होता. निफाड तालुक्यातल्या त्यांच्या गावात सोळाव्या वर्षापर्यंत त्याची कुणी दखलही घेतली नव्हती. पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या मावशीनं तिची वेणी बाजूला सारली, जरा वेळ पाहिलं आणि चहा न घेता माणसं उठली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सुलाबाईची पोर डागी आहे. बापानं काही विचारलं नाही. आईनंही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी जेवायला बसली तर तिची ताटली चुलीच्या पलीकडे, वेगळी ठेवलेली होती. भाऊ तिच्या अंथरुणावरून उडी मारून जाऊ लागले. शेजारच्या पोरी फुगडीला बोलवीनाशा झाल्या. चार महिने तिला कुणाचा हात लागला नाही, आणि हे तिला तेव्हा कळलंही नव्हतं. ते कळलं चार महिन्यांनी, गोटीराम आला तेव्हा. सायकलवरून येणारा सरकारी माणूस, पिशवीत कापूस आणि काचेच्या दोन नळ्या, एकीत गार पाणी, दुसरीत गरम. त्यानं तिला अंगणात, उजेडात बसवलं. ‘डोळे मीट, पोरी. लागेल तिथं बोट ठेव.’ कापसाचं टोक मानेवर टेकलं, तिनं बोट ठेवलं. पुन्हा टेकलं, पुन्हा ठेवलं. गार की गरम? गार. आता? गरम. सोळा वेळा त्यानं स्पर्श केला, सोळाही वेळा तिचं बोट नेमकं पडलं, आणि मिटल्या डोळ्यांतून तिच्या गालांवर पाणी उतरू लागलं. दुखत नव्हतं काही. गोटीरामनं सुलाबाईला विचारलं, ‘हे कधीपासून?’ जन्मल्यापासून. ‘वाढलं?’ पोर वाढली तेवढंच. ‘मग लासं आहे हे, बाई. लाशाला कळतं, लाशाला घाम येतो. ज्याला कळत नाही ते वेगळं.’ आणि त्यानं तिच्याच हातून पाणी मागून घेतलं, तांब्याभर, गल्लीतले सगळे बघत असताना. सुलाबाईनं ती ताटली मोडीत घातली. त्याबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. तीन वर्षांनी प्रतिभा याच कामाला लागली, तेव्हा घरात कुणी कारण विचारलं नाही.

‘लासं नाही ते,’ ती महेशला म्हणाली. ‘कोरडं आहे.’

बुधवारी ती त्याच बसला बसली आणि काही बोलली नाही. नोट पडली नाही. त्यानं त्या बेचक्यात नोट ठेवलीच नव्हती. म्हणजे त्यालाही कळत होतं. कुठंतरी आत, जिथं माणूस स्वतःशीही बोलत नाही तिथं, त्यानं त्या बोटाला कामावरून काढून टाकलं होतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला एकाएकी त्याच्याविषयी राग आला, मग स्वतःविषयी. गुरुवारी शालिमार आलं तेव्हा ती उठली नाही. सी.बी.एस.ला, शेवटच्या थांब्यावर, बस रिकामी झाली. ड्रायव्हर चहाला गेला. कंडक्टर मागच्या बाकावर कागदावर आकडे मांडत बसला होता, डाव्या हातानं कागद धरताना अंगठा विचित्र वाकवत.

‘ताई, तिकीट शालिमारपर्यंतच होतं तुमचं,’ मान वर न करता तो म्हणाला.

‘हो. मला तुमच्याशी बोलायचं होतं. मी सरकारी दवाखान्याच्या कामात आहे. कोपरावर डाग आहे तुमच्या, तो कधीपासून आहे?’

त्यानं बाही खाली ओढली. ‘जन्मापासून. लासं आहे ते. आई सांगते.’

‘आणि करंगळी?’

तो उठून उभा राहिला. तिशीच्या आतबाहेरचा, उंच, गळ्याशी बटण तुटलेलं. ‘बघा ताई, मी तुमच्या घरी येऊन काही विचारतो का? उतरा तुम्ही.’

उतरावं, असं तिला वाटलं. भागुबाईची कुलूप लावलेली खोली तिच्या डोळ्यांपुढं आली. मग तिनं आजवर कुणा परपुरुषापुढं केलं नव्हतं ते केलं. वेणी उचलून खांद्यावर टाकली, पदराची पिन काढली आणि मान त्याच्याकडे वळवली.

‘हे लासं,’ ती म्हणाली. ‘नीट बघा. घाम आलाय त्यावर. माशी बसली तर मला कळतं. तुमचं लासं असेल तर तुम्हालाही कळेल. डोळे मिटा. लागेल तिथं बोट ठेवा. माझं चुकलं तर मी माफी मागून उतरते, पुन्हा या बसला बसणार नाही.’

त्यानं वाकून तिची मान नीट पाहिली. मग धप्पकन् बाकावर बसला आणि डोळे मिटले. तिच्याजवळ कापूस नव्हता. तिनं तिकिटाची घडी केली आणि तिचं टोक त्याच्या मनगटावर टेकवलं. त्याचं बोट आलं. दंडावर टेकवलं, बोट आलं. डागाच्या कडेला टेकवलं. बोट चाचपडत आलं, इंचभर लांब पडलं. मग तिनं टोक डागाच्या मधोमध ठेवलं आणि थांबली. बाहेर कुणीतरी त्र्यंबक, त्र्यंबक असं ओरडत होतं. तो डोळे मिटून वाट पाहत होता.

‘ठेवा ना, ताई.’

‘डोळे उघडा,’ ती म्हणाली.

तिकिटाचं टोक त्याच्या कातडीत रुतलेलं होतं. तो त्याच्याकडे असा पाहत राहिला, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातावर आहे. तिनं रोगाचं नाव घेतलं नाही. त्यानंही विचारलं नाही, म्हणजे त्याला कळलं होतं. तिनं भराभर, हलक्या आवाजात सांगितलं: सहा महिने गोळ्या, फुकट. शिरेसाठी वेगळं औषध, तेही तिथंच. पहिल्या गोळ्यांपासूनच दुसऱ्याला लागण्याची भीती जाते. हात परत येईल, पण आत्ता आलात तर. केंद्रातून कुणाला चिठ्ठी जात नाही, ना घरी, ना डेपोत. सोमवारी दहाला या. चिठोऱ्यावर पत्ता लिहून तिनं त्याच्या वरच्या खिशात घातला. मग ती उतरली.

सोमवारी तो आला नाही. त्या बसवर दुसराच कंडक्टर होता. दुसरा सोमवार गेला. प्रतिभा सकाळी तीन-तीन बस सोडून देई, प्रत्येकीच्या खिडकीतून आत बघे. आपण चूक केली, पुन्हा तीच केली, असं तिला वाटू लागलं. कुठल्या तरी खोलीला कुलूप लागलं असेल, कुणीतरी पेटी घेऊन निघालं असेल. माणसाला त्याच्याच कातडीची बातमी देण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि लगेच दुसरं मन म्हणे, शीर वाट पाहत नाही. सतराव्या दिवशी केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर तो बसलेला तिला दिसला, शेजारी नऊवारीतली एक म्हातारी. बाकावर दोघांमध्ये जागा सोडलेली नव्हती, हे तिनं सगळ्यात आधी पाहिलं.

त्याचं नाव वाल्मीक गांगुर्डे. म्हातारी त्याची आई, कलाबाई.

‘बाई, म्या खोटं बोलले,’ कलाबाई उभ्यानंच सांगू लागली. ‘लासं नव्हतं ते. दोन वर्सामागं, लगीन ठरलं तव्हा त्यानं दाखिवलं. म्या म्हनलं, जन्मापासून हाय, गप ऱ्हा. आमच्या गावात एकाची बोटं झडली व्हती, मला समदं म्हाईत व्हतं. लय भ्याले. पोराचं लगीन मोडल म्हनून नाय बोलले.’

वाल्मीक जमिनीकडे पाहत होता. ‘गावी जाऊन विचारलं तेव्हा सांगितलं तिनं. चार दिवस बोललो नाही मी आईशी.’

‘आणि घरात? बायकोला?’

‘सांगितलं छायाला. मला वाटलं, जाईल.’ तो पहिल्यांदाच किंचित हसला. ‘ती म्हणाली, एवढंच ना? मग गोळ्या घ्यायला कधी जायचं?’

प्रतिभा कपाटाकडे वळली आणि नको तेवढा वेळ कार्डं शोधत राहिली. डॉक्टरांनी तपासलं, शीर चाचपली, औषध लिहिलं. गोळ्यांनी पहिल्या दिवशी लघवी लाल होईल, घाबरू नका, असं तिनं बजावून सांगितलं. तरी दुसऱ्या दिवशी पी.सी.ओ.वरून फोन आलाच, ‘ताई, लय लाल आहे.’ दर महिन्याला ती त्याच्या करंगळी आणि शेजारच्या बोटात एक पोस्टकार्ड धरायला लावी आणि ओढी. नोव्हेंबरात ते अलगद निघून आलं, लोण्यातून सुरी यावी तसं. डिसेंबरातही. जानेवारीत कोपर इतकं ठणकू लागलं की तो म्हणाला, सोडून देतो, आहे तेच बरं. कलाबाई गावाहून येऊन महिनाभर राहिली, रोज तेल लावून एकेक बोट सरळ करी, दहा वेळा, वीस वेळा, मोजत. तिला वीसच्या पुढे येत नव्हतं, म्हणून वीस झाले की पुन्हा एकपासून. फेब्रुवारीत कार्ड जरासं अडलं. इतकं थोडं, की प्रतिभाला वाटलं, भास. तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही, घरी महेशलाही नाही. महिनाभर तो अडथळा तिनं स्वतःच्या बोटांत जपून ठेवला. मार्चच्या दुसऱ्या सोमवारी तिनं कार्ड ओढलं आणि ते आलं नाही. जोर लावला, तरी नाही. वाल्मीकच्या कपाळावरची शीर फुगली होती, ओठ घट्ट मिटलेले. तिनं दोन्ही हातांनी ओढलं. कार्ड मधोमध फाटलं. अर्धं तिच्या हातात, अर्धं त्याच्या बेचक्यात. ‘सोडा आता,’ ती म्हणाली. ‘नाही सोडत,’ तो म्हणाला. व्हरांड्यातले पेशंट दारात येऊन पाहू लागले. कातडीवरचा डाग तसाच फिकट राहिला होता, तिथं अजून फारसं कळत नव्हतं, आणि कदाचित कळणारही नव्हतं. पण हात आला होता. एकोणीस वर्षांत तिनं पुष्कळ कार्डांवर ‘हातात सुधारणा’ असं लिहिलं होतं. त्या दिवशी लिहिताना अक्षर तिरकं गेलं.

एप्रिलात शेवटच्या गोळ्या घेताना तो म्हणाला, ‘ताई, डेपोत येता का? नाथा नाना म्हणून ड्रायव्हर आहेत आमचे, मे महिन्यात पण पूर्ण बाह्या. तीस वर्षांत त्यांना कुणी उघडं पाहिलं नाही. आणखी असतील असे.’

‘येईन. पण त्यांना सांगणार काय?’

‘माझं सांगतो.’

‘वाल्मीकभाऊ, नको. सांगितलेलं परत घेता येत नाही.’

‘तुम्ही मला कानात सांगितलंत, तेव्हा तुमचं बरोबर होतं,’ तो म्हणाला. ‘आता माझं मी सांगणार. ते मोठ्यानं सांगितलं तरी चालतं.’

भागुबाईच्या रोगाचं नाव प्रतिभानं परस्पर उच्चारलं होतं. हा स्वतःचं स्वतः उच्चारणार होता.

वर्कशॉपच्या शेडमध्ये सव्वाशेवर माणसं जमली, ऑइलचे हात, चहाचे पेले. वाल्मीक बसच्या पायरीवर चढला, बाही दंडापर्यंत दुमडली, आणि तिकिटं मागावीत तशा सरावाच्या आवाजात त्यानं सांगितलं: हा डाग. याला मी लासं म्हणायचो. हा कुष्ठरोग होता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरा झालो. तुम्ही सगळे माझ्याबरोबर चहा प्यायलात, कुणाला काही झालं नाही. ज्याच्या अंगावर काही आहे त्यानं ताईंना दाखवावं. एकजण पेला खाली ठेवून दोन पावलं मागं सरला, ते प्रतिभानं पाहिलं. आता हा माणूस उघडा पडला, तिला वाटलं, आणि मी इथं उभी आहे. मग मागून गर्दी जराशी हलली आणि पन्नाशीतला एक जाडजूड माणूस पुढे आला, पूर्ण बाह्या, गळ्यापर्यंत बटणं. तो प्रतिभासमोरच्या स्टुलावर बसला आणि एकेक बटण सोडू लागला. खांद्यापासून छातीपर्यंत पसरलेला मोठा पांढुरका डाग. तीस वर्षं पोराबाळांसमोर त्यानं बनियन काढलं नव्हतं, गोदावरीवर राहून नदीत उतरला नव्हता. प्रतिभानं कापूस घेतला. ‘डोळे मिटा, नाना. लागेल तिथं बोट ठेवा.’ बोट पडलं, नेमकं. पुन्हा. पुन्हा. शेडमधली माणसं श्वास धरून मोजत होती. घामाचे थेंब त्या डागावरून खाली ओघळत होते. तिनं अकराव्यांदा कापूस टेकवला आणि बाजूला ठेवला.

‘लासं आहे हे,’ ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. ‘जन्माचं. काही रोग नाही तुम्हाला. कधीच नव्हता.’

नाथा नाना बसूनच राहिले. मग उठले, आणि हातातल्या शर्टाकडे बघून तो त्यांनी घडी करून खाकेत धरला. उघड्या अंगानं ते शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, पाण्याच्या नळापाशी थांबले, तिथून परत आले. कुणी हसलं नाही. कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात स्टुलासमोर रांग लागली होती. पुढचा माणूस बोलावण्याआधीच बटणं सोडत उभा होता, त्याच्या मागे तो मघाचा पेलावाला. शिबं निघाली, नायटे निघाले, भाजल्याचे वण निघाले. आणि दोघे खरे निघाले. दोघांनाही तिनं बाजूला, बसच्या आडोशाला नेऊन हलक्या आवाजात सांगितलं, आणि दोघांचेही हातपाय शाबूत होते. दुसऱ्याजवळ जाऊन वाल्मीक स्वतःहून उभा राहिला.

कंट्रोलर हातात वही घेऊन शेडच्या दारात आला. ‘साडेअकराची नाशिकरोड वीस मिनिटं लेट आहे. पब्लिक बोंबलतंय. ड्रायव्हर कुठाय, आणि मी कारण काय लिहू?’

‘टायर लिहा,’ कुणीतरी म्हणालं.

‘टायर कशाला?’ वाल्मीक म्हणाला. ‘खरं ते लिहा. नाथा नाना शर्ट घालायला तयार नाहीत.’